पोर्तुगीज भाषेचे अध्ययन आणि आपल्या घरांतील दप्तरे

दसऱ्याच्या दिवशी सरस्वतीपूजनाच्या वेळी आमच्या फोंड्याकडील मूळ घरी एक शिसवी पेटी उघडण्याचा प्रघात आहे. पेटीत काही पोथ्या आहेत, जुनी पंचांगे आहेत आणि पिवळ्या फडक्यात बांधलेला पोर्तुगीज कागदांचा एक गठ्ठा आहे. त्यांतील मोठा शिक्का असलेल्या एका कागदास आम्ही सर्व भावंडे लहानपणापासून 'आजोबांची सनद' असे म्हणत आलो. आजोबांनी सरकारची काही मोठी कामगिरी केली व त्याबद्दल नदीकाठचे कुळागर त्यांना इनाम मिळाले, अशी कथा घरात चालत आली होती. त्या सनदेवर दरवर्षी हळदकुंकू वाहिले जाई आणि ती पुन्हा फडक्यात बांधली जाई.

आजोबांना पोर्तुगीज उत्तम येत असे. परंतु आम्ही पाच वर्षांचे असताना ते निवर्तले. वडील तरुणपणीच मुंबईस आले. त्यांना मराठी आणि मोडी येत होते, पोर्तुगीज येत नव्हते. पुढे एकदा सुट्टीत आम्ही तो कागद एका कारकुनास दाखविला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, "सनदच आहे, जपून ठेवा," असे सांगितले आणि शंभर रुपये घेतले. त्यास आमच्याइतकेच पोर्तुगीज येत होते, हे कळावयास आणखी बरीच वर्षे जावी लागली.

हा कागद खऱ्या अर्थाने तीन वर्षांपूर्वी वाचला गेला. वाचणारी आमच्या धाकट्या बंधूंची कन्या. तिने गोवा विद्यापीठात पोर्तुगीज हा विषय घेऊन एम. ए. केले. तिने हा विषय घ्यावयाचे ठरविले तेव्हा घरात बरीच वादावादी झाली. "पोर्तुगीज गेले, आता त्यांची भाषा कशाला?" असे विचारणाऱ्यांत आमचाच आवाज सर्वांत मोठा होता, हे येथे कबूल केले पाहिजे. मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, ते गेले, पण कागद आपल्याकडेच राहिले ना!" या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो आणि या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तेव्हा पुढील मजकूर विद्वानांसाठी नसून आपल्या ज्ञातिबंधुभगिनींसाठी आहे, हे ध्यानी घेऊन वाचकांनी तो गोड करून घ्यावा.

पोर्तुगालमधील विद्यापीठ फार जुने. दिनिश नावाच्या राजाने ते लिस्बन येथे १२९० साली स्थापन केले. शके १२१२, म्हणजे ज्या वर्षी नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेच हे वर्ष! हा निव्वळ योगायोग होय. परंतु शिक्षकाच्या मनास असे योगायोग चटकन धरून ठेवतात. विशेष म्हणजे हा राजा स्वतः कवी होता आणि त्याची शंभरावर गीते तिकडच्या देशभाषेत उपलब्ध आहेत. असे असूनही त्याच्या विद्यापीठात मात्र देशभाषेस प्रवेश नव्हता. तेथे धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक हे सर्व लॅटिनमधून शिकविले जाई. विद्यापीठ लिस्बनहून कोइंब्रास, कोइंब्राहून लिस्बनला असे हेलपाटे घालीत अखेर १५३७ साली कोइंब्रा येथे स्थिरावले. त्याच सुमारास, १५३६ साली, फेर्नांव द ओलिव्हैरा याने पोर्तुगीज भाषेचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले आणि १५४० साली जुआंव द बारोस याचे दुसरे आले. हाच बारोस पुढे पोर्तुगीजांच्या आशियातील पराक्रमाचा इतिहास लिहिता झाला. १५७२ साली कामोंइश कवीचे 'लुझियाद' महाकाव्य छापून निघाले. हा कवी काही वर्षे गोव्यात राहून गेला होता. म्हणजे भाषेला व्याकरण मिळाले, इतिहास मिळाला, महाकाव्य मिळाले. केवळ विद्यापीठात आसन मिळाले नाही.

ज्या गृहस्थाने लॅटिनचा हा सोवळेपणा सर्वप्रथम मोडला त्यांपैकी एक आपल्या मुंबईशी संबंधित आहे, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने देतो. गार्सिया द ओर्ता हा वैद्य लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक होता. १५३४ साली तो गोव्यास आला. येथील औषधी, मसाले, फळे यांविषयी त्याने संवादरूपाने एक मोठा ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला. विद्वानाने शास्त्रीय ग्रंथ लॅटिनमध्ये लिहावा हा त्या काळचा दंडक. ओर्ताने तो पोर्तुगीजमध्ये लिहिला. कामोंइशची पहिली छापील कविता याच ग्रंथात आहे. मुंबईचे बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. ज्या बेटावर आपल्या कितीतरी कुटुंबांनी चाळींत संसार थाटले, त्या बेटावर कधी काळी या विद्यापीठीय वैद्याची बाग होती, ही कल्पना आम्हांस मोठी रम्य वाटते. परंतु त्याचा शेवट रम्य नाही. तो मूळचा ज्यू वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीस गोव्यातील धर्मन्यायालयाने १५६९ साली जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. जे राज्य आपल्या भाषेचा असा उपासकसुद्धा सोडीत नाही, ते इतरांच्या भाषेस काय सोडणार?

त्याचा प्रत्यय गोव्यात लवकरच आला. २७ जून १६८४ रोजी काउंट आल्व्होर या विजरईने हुकूम काढला की, येथील लोकांनी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकावे आणि देशी भाषा टाकून द्यावी. पोर्तुगीज 'शिकण्या'चा आपल्याकडील पहिला मोठा सरकारी कार्यक्रम तो हा. हुकूमशाहीने भाषा येत नाही, हे तीन वर्षांत नव्हे तर तीनशे वर्षांतही दिसून आले. घराघरांतून कोकणी बोलली जात राहिली, देवळांतून मराठी कीर्तने होत राहिली. उलट दिशेनेही नवल घडले. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीच रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडले होते, आणि कोकणी भाषेचे त्याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली तेथेच छापले गेले. भाषा ज्याने प्रेमाने शिकली त्याचे पुस्तक टिकले. हुकूम मात्र दप्तरात पडून राहिला.

खुद्द पोर्तुगालमध्ये मातृभाषेचे शिक्षण यावयास अठरावे शतक उजाडले. पोंबाल या प्रधानाने जेझुइटांना १७५९ साली देशाबाहेर घालविले. १७७० साली असा आदेश निघाला की, विद्यार्थ्यास लॅटिनच्या वर्गात घेण्यापूर्वी सहा महिने पोर्तुगीज व्याकरण शिकवावे. सहा महिने! एवढ्यावर मातृभाषेची बोळवण झाली. वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांना आपल्या मुंबई विद्यापीठाची आठवण होईल. १८५७ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात मराठीची हकालपट्टी झाली आणि न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्यभर खटपट केली तेव्हा कोठे विसाव्या शतकाच्या आरंभी तिला एम. ए. च्या परीक्षेत जागा मिळाली. राज्यकर्त्यांची भाषाही एके काळी आपल्या भाषेसारखीच दाराबाहेर उभी होती, हे कळल्यावर त्या भाषेविषयी आमच्या मनातील अढी थोडी सैल झाली.

पुढचे पाऊल पडले ते राजा पाचवा पेद्रु याच्या काळी. १८५९ साली लिस्बनमध्ये साहित्याच्या उच्च अभ्यासक्रमाची स्वतंत्र संस्था सुरू झाली. तेथे १८७२ पासून तेओफिलु ब्रागा हे साहित्याचे अध्यापक होते. हेच गृहस्थ पुढे राजेशाही उलथल्यावर १९१० साली पहिल्या हंगामी सरकारचे प्रमुख झाले. प्रजासत्ताक आल्यावर १९११ साली लिस्बन व पोर्तु येथे नवी विद्यापीठे निघाली, लिस्बन व कोइंब्रा येथे वाङ्मयाच्या विद्याशाखा स्थापन झाल्या आणि पोर्तुगीज भाषा, साहित्य व संस्कृती यांचे अध्ययन आजच्या अर्थाने सुरू झाले.

या विद्येची धुरा वाहणाऱ्यांकडे पाहिले असता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्यांतील कित्येक विद्यापीठाच्या राजमार्गाने आलेलेच नव्हते. कोइंब्राच्या प्राचीन विद्यापीठात १९११ साली नेमणूक झालेली पहिली स्त्री प्राध्यापक कारोलिना मिखाएलिस ही बर्लिनची जर्मन. तिच्या तरुणपणी जर्मनीत स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते, म्हणून तिने घरी बसून भाषा अवगत केल्या. विवाहानंतर ती पोर्तुगालला आली आणि तिकडील मध्ययुगीन गीतांचे जे जुने हस्तलिखित होते, त्याची प्रत वर्षानुवर्षे तपासून १९०४ साली तिने दोन खंडांत प्रसिद्ध केली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९१९ साली कामोंइशच्या नावाने पोर्तुगीजचे अध्यासन स्थापन झाले. तेथे १९४७ साली चार्ल्स बॉक्सर यांची नेमणूक झाली. हे सैन्यातील मेजर, दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँग येथे जपान्यांच्या कैदेत राहिलेले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची एकही पदवी नव्हती! त्यांनी जुने कागद वाचून जे लिहिले ते मात्र भल्या भल्या पदवीधरांनी पुढे ठेवून अभ्यासावे असे. १९६३ साली त्यांनी पोर्तुगीज साम्राज्यातील वर्णभेदावर पुस्तक लिहिले आणि 'आमच्या राज्यात वर्णभेद नव्हता' असे सांगणाऱ्या सालाझारशाहीचा रोष ओढवून घेतला. भाषेवर प्रेम करणे म्हणजे राज्यकर्त्यांची री ओढणे नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि आता आपला अभिमान वाटावा असे नाव. सेबाश्तियांव रुदोल्फु दालगादो यांचा जन्म १८५५ साली बार्देशातील आसगाव येथे झाला. हे धर्मगुरू होते, तरी त्यांचा खरा ध्यास शब्दांचा. कोकणी-पोर्तुगीज कोश त्यांनी १८९३ साली मुंबईत छापला आणि 'हितोपदेशा'चे पोर्तुगीज भाषांतर १८९७ साली केले. १९०७ पासून ते लिस्बनमध्ये संस्कृत शिकवू लागले. म्हणजे ज्यांनी आपल्याला आपली भाषा टाकण्याचा हुकूम दिला, त्यांच्या राजधानीत गोमंतकाचा एक पुत्र त्यांच्याच मुलांना संस्कृत शिकवीत होता! उतारवयात त्यांना दोन्ही पाय गमवावे लागले. तथापि त्यांचे काम थांबले नाही. आशियातील सुमारे पन्नास भाषांत पोर्तुगीज शब्द कोठे कोठे शिरले याचा त्यांनी १९१३ साली शोध प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत आले. पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचा त्यांचा मोठा कोश १९१९ व १९२१ साली दोन खंडांत निघाला. म्हणजे देवाणही मोजली आणि घेवाणही मोजली.

या घेवाणीचा अनुभव आम्ही वर्गात नेहमी घेत असू. मुलांना विचारावे, "सकाळपासून किती पोर्तुगीज शब्द बोललात?" मुले हसत. मग फळ्यावर लिहावे: पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, बिजागरी, परात, घमेले, फीत, पगार, तुरुंग, लिलाव. हापूस आंब्याचे नावसुद्धा आफोन्सु या नावावरून आलेले. मुले चकित होत. पगारापासून तुरुंगापर्यंत सर्व काही त्यांनी दिले, असा विनोद आम्ही दरवर्षी करीत असू आणि दरवर्षी तो खपत असे.

परंतु शब्दांची गंमत निराळी आणि कागदांची निकड निराळी. गोव्यातील दप्तरखाना १५९५ साली इतिहासकार दियोगु द कोउतु याच्या हाताखाली स्थापन झाला. पावसाळी वाऱ्यांबरोबर जी गलबते लिस्बनला जात-येत, त्यांच्यामार्फत झालेल्या पत्रव्यवहाराची 'मोसमांची पुस्तके' तेथे खंडोगणती आहेत. त्यांत शिवछत्रपती आहेत, संभाजी महाराज आहेत, १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम आणि चिमाजी अप्पा आहेत. पण सर्व पोर्तुगीज डोळ्यांनी पाहिलेले. शिवाजी महाराजांचे कोस्मि द ग्वार्द याने लिहिलेले पोर्तुगीज चरित्र १७३० साली लिस्बनला छापले गेले, तेव्हा आपल्याकडे छापील मराठी चरित्राची कल्पनाही नव्हती.

हे दप्तर मराठी वाचकांपुढे आणण्याचे श्रेय पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचे. १८९४ साली सत्तरीतील पिसुर्ले या खेड्यात जन्मलेल्या या पुरुषाने सुमारे तीन दशके गोव्याचा दप्तरखाना सांभाळला. पोर्तुगीज राज्याच्या मंत्रणासभेच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात संपादिले. पोर्तुगीजांचे वकील व दुभाषे म्हणून काम करणाऱ्या हिंदू, मुसलमान, पारशी, ज्यू लोकांवर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे. आणि १९६७ साली पुणे विद्यापीठाने त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर दोन वर्षांनी ते वारले. त्यांना विद्वान पोर्तुगीजही मानीत आणि मराठेही मानीत. एका माणसाने ही भाषा नीट आत्मसात केल्यामुळे साऱ्या महाराष्ट्रास आपल्या इतिहासाचे एक बंद दालन उघडून मिळाले.

कोइंब्रात शिकावयास गेलेल्या गोमंतकीय तरुणांचीही आठवण ठेवावयास हवी. मडगावचे आदेओदातु बार्रेतु आणि तेलु मास्कारेन्यश यांनी १९२८ साली तेथे 'इंदिय नोव्ह', म्हणजे 'नवा भारत', हे पत्र काढले आणि पोर्तुगीजांना त्यांच्याच भाषेत भारताची ओळख करून दिली. बार्रेतु यांचे हिंदू संस्कृतीवरील पुस्तक १९३५ साली आले. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास, ते गेले. मास्कारेन्यश पुढे स्वातंत्र्यासाठी पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडले. इकडे मराठी कथाकार लक्ष्मणराव सरदेसाई यांनीही पोर्तुगीजमध्ये कथा लिहिल्या. भाषा शत्रूची असते हे म्हणणे सोपे. या लोकांनी ती हत्यार म्हणून वापरली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सगळ्यांना आनंद झाला, तो योग्यच होता. परंतु त्या आनंदात पोर्तुगीज शिकणे एकदम थांबले. एका पिढीला ती येत होती, पुढच्या पिढीला नको होती आणि तिसऱ्या पिढीला तिची गरज भासू लागली तेव्हा शिकविणारे विरळ झाले होते. पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस तह करून गोव्याचे विलीनीकरण मान्य केले. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे ताळगावच्या पठारावर पोर्तुगीजचा विभाग उभा राहिला. दिल्लीसही जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व दिल्ली विद्यापीठ येथे ही भाषा शिकविली जाते.

तेथे आमच्या पुतणीने काय केले, हे आम्ही कुतूहलाने विचारीत असू. आरंभी व्याकरण. नाकातून काढावयाचे स्वर. त्यांचा सराव ती घरात मोठ्याने करी तेव्हा तिच्या आजीस वाटे, मुलीस पडसे झाले आहे. मग कामोंइश, मग पेसोआ, मग ब्राझीलचे माशादु द आसिस. या माशादुंनी शाळासुद्धा धड पाहिली नव्हती. १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे जुझे सारामागु हेही विद्यापीठात गेले नव्हते. तांत्रिक शाळेत शिकून ते यंत्रदुरुस्तीच्या कामावर लागले. हे ऐकून आम्हां मॅट्रिकवाल्यांस मोठा धीर आला! ब्राझील, अंगोला, मोझांबिक हे देशही याच भाषेत लिहितात आणि आपल्या जुन्या धन्याविरुद्धचा संताप याच भाषेत व्यक्त करतात, हे तिने आम्हांस प्रथम सांगितले. आज या भाषेचे बहुसंख्य भाषक पोर्तुगालमध्ये नसून ब्राझीलमध्ये आहेत.

तिच्या वर्गातील काही मुले केवळ पारपत्रासाठी येत. आजोबांचा पोर्तुगीज राजवटीतील जन्मदाखला शोधून तिकडचे नागरिकत्व नोंदवावे आणि युरोपास जावे, हा त्यांचा हेतू. आपल्या ज्ञातीतही अशी घरे आहेत. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पोटासाठी वडिलांनी मुंबई गाठली, नातवाने लिस्बन गाठले. एवढेच म्हणणे की, जन्मदाखल्याची प्रत मिळाली की पेटी बंद होते आणि बाकीचे कागद तसेच राहतात.

जुने हस्ताक्षर वाचणे ही तर स्वतंत्रच विद्या आहे. लेखक शब्द तोडून लिहीत. आपली नावे ते आपल्या कानास ऐकू येतील तशी लिहीत. प्रभूचे 'पोरोब' होई, शेटमधील 'श' साठी इंग्रजी एक्ससारखे अक्षर येई. ही गुरुकिल्ली हाती नसेल तर स्वतःचे आडनाव डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यास पुतणीने 'सनद' हाती घेतली. पहिल्या चार ओळी वाचून ती थांबली. "काका, ही सनद नाही," ती म्हणाली. तो न्यायालयाचा १९३१ सालचा आदेश होता. त्यात जो शब्द पुनःपुन्हा येत होता तो 'आर्रेमाताशांव'. लिलाव. आपला 'लिलाव' हा शब्द ज्यापासून आला तो 'लैलांव' कागदावर असता तर एखादे वेळी आम्हीही ओळखला असता. परंतु न्यायालयाची भाषा निराळी. ते कुळागर आमच्याच ज्ञातीतील, आमच्याच वाड्यावरील एका कुटुंबाचे होते. कर्ज एका सावकाराचे. ते फिटले नाही म्हणून बागाईत लिलावात निघाली आणि सर्वांत मोठी बोली लावून ती आमच्या आजोबांनी घेतली.

येथवर असते तर आम्ही गप्प बसलो असतो. लिलावात जमीन घेणे हा काही अपराध नव्हे. पण गठ्ठ्यात आणखी एक कागद होता, काही महिने आधीचा. ती कर्जाची नोटीस होती. ज्या विधवा बाईवर ती बजावली तिला लिहिता-वाचता येत नव्हते; तिचा अंगठा आहे. मजकूर तिला देशी भाषेत समजावून दिला, असे खाली नमूद आहे. समजावून देणारा साक्षीदार म्हणून सही आहे ती आमच्या आजोबांची.

त्यांनी तिला काय सांगितले, किती सांगितले, हे कागदात नाही. त्या घरात मात्र एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती: 'त्यांनी फिरंगी कागदावर आजीचा अंगठा घेतला आणि बाग गेली.' आमच्या घरी ही गोष्ट मत्सराची म्हणून हसण्यावारी नेली जाई. या दोन घरांचे जाणेयेणे आमच्या जन्मापूर्वीपासून बंद होते. लग्नाच्या अक्षता जात नसत, सुतकाचा निरोप तेवढा जाई.

पुतणीने दोन्ही कागदांचे मराठी भाषांतर स्वच्छ अक्षरात लिहून काढले. आठ दिवस ते आमच्या उशाशी होते. बंधूंचे म्हणणे पडले की, झाकली मूठ बरी. आम्ही चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला. अफझलखानाच्या दोन बाजू सांगितल्या, पानिपतच्या सांगितल्या. आपल्या घरच्या कागदाची एकच बाजू सांगावी, हे मनास पटेना. शेवटी आम्ही आणि पुतणी त्या घरी गेलो. त्या घरातील ज्येष्ठ गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, आपल्या संस्थेचे जुने सभासद. त्यांनी भाषांतर ऐकून घेतले. साक्षीदाराच्या ओळीशी आल्यावर म्हणाले, "बाय, ते परत वाच." तिने परत वाचले. मग त्यांनी मूळ कागद मागितला आणि आपल्या आजीच्या अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. चहा आला. पंच्याऐंशी वर्षांहून अधिक काळ त्या घरचा चहा आमच्या घराण्यात कोणी घेतला नव्हता.

कुळागराचे पुढे काय करावयाचे हे दोन्ही घरांच्या तरुण मंडळींत अद्याप ठरावयाचे आहे आणि त्याची चर्चा येथे करणे उचित नाही. एवढाही मजकूर त्या घराच्या संमतीनेच लिहिला आहे. त्या गृहस्थांनीही आपल्या पेटीतील कागद आता पुतणीकडे वाचावयास दिले आहेत. त्यांत कोमुनिदादीची, म्हणजे आपल्या गावकरीची, काही जुनी पत्रे निघाली आहेत.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत आणि घड्यांवर चिकटपट्टी लावू नये. कोरड्या सुती फडक्यात बांधून ठेवावेत व पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यावा. ज्या घरची मुले यंदा महाविद्यालयात जात आहेत त्यांनी हा विषय घ्यावा की न घ्यावा हे त्यांनी ठरवावे. पण घ्यावयाचा झाल्यास आमच्यासारख्या काकांनी मध्ये पडू नये. पुतणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संस्थेच्या कार्यालयात सकाळी बसते. येताना मूळ कागद आणावा, झेरॉक्स प्रतीत शिक्क्याखालची अक्षरे उठत नाहीत.